शनिवार तेल्यांची शाळा

भोर-वेल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कधीतरी पुण्याला ससूनमध्ये दाखल झालेलं असतं. माझी आजी पाय मोडला तेव्हा दीड महिना तिथे होती. "ससूनला नेलंय" म्हणजे दुखणं गावच्या डॉक्टरच्या हाताबाहेर गेलं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ लहानपणी आपल्याला ठाऊक. ससून हे एका माणसाचं आडनाव आहे, डेव्हिड ससून नावाचा तो व्यापारी बगदादहून मुंबईला आला, त्याच्या देणगीतून हे रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं, आणि पुण्यातलं लाल देऊळ म्हणजे त्यानेच बांधायला घेतलेलं ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर, हे सगळं मला कळलं ते ठाण्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागल्यावर. सांगणाऱ्या होत्या आमच्याकडे गणित शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ बाई. त्या स्वतः ज्यू. मी ससूनचं कौतुक सुरू केलं तसं त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "अगं, ते मोठे लोक. आम्ही वेगळे. आम्ही तेली."

संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासाचा लेख मागितला तेव्हा राजगडावर लिही, पंतसचिवांच्या वाड्यावर लिही, असं सुचवलं होतं. त्या विषयांवर लिहिणारी माझ्याहून जाणती माणसं आपल्या तुकडीत आहेत, आणि आपले इतिहासाचे सर मेळाव्यात पहिल्या रांगेत बसणार आहेत, तेव्हा ते धाडस करत नाही. मी या तेल्यांबद्दल लिहिते. त्यांचा आणि आपला संबंध काय, असं वाटेल. माझ्यापुरता तो संबंध एका जुन्या वहीचा आहे. आपल्यातल्या सात जणांना ती वही आठवत असेल. तिच्याकडे शेवटी येते.

आपलं भोर संस्थान घाटाखालीही पसरलेलं होतं, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नसतं. पालीचा सुधागड तालुका पंतसचिवांचाच. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा आपण पुणे जिल्ह्यात आलो आणि सुधागड कुलाब्यात गेला. पालीच्या पलीकडे रोहा, पेण आणि पुढे अलिबाग. त्या पट्ट्यात शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारी एक जमात राहत होती. भाषा मराठी, बायकांचं नेसणं नऊवारी, आडनावं गावांवरून पडलेली: दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, पेणकर, नवगावकर. वेगळेपण एकच ठळक, की शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणत, म्हणजे इस्रायलची लेकरं.

त्यांची कथा अशी सांगतात. फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बरोबरचे धर्मग्रंथ समुद्राने गिळले. पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथाशिवाय गेल्या आणि हिब्रू भाषा विसरली. राहिलं ते इतकंच: शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि ‘ऐक’ या अर्थाच्या शब्दाने सुरू होणारी एक प्रार्थना, शेमा. लग्नात तीच, बारशात तीच, मयतातही तीच. दुसरी कुठली येतच नव्हती.

मग डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान तिथे आला. कधी, यावर अभ्यासकांचं जमत नाही. कुणी त्याला सुमारे हजार वर्षं मागे नेतात, कुणी तो अठराव्या शतकातला कोचीनचा राहाबी मानतात. आपल्याला त्या वादात पडायचं कारण नाही. कथा मात्र छान आहे. ही माणसं खरोखर ज्यू आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने बायकांपुढे वेगवेगळ्या जातींचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मशास्त्रात नेमका हाच नियम आहे. म्हणजे पुरुषांच्या तोंडून मंत्र गेले होते, पण धर्म बायकांच्या हातात, चुलीपाशी शाबूत होता. (हे वाक्य माझं. पण आपल्यातल्या बायकांना ते पटायला हरकत नाही.)

त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. राहाबी काही तिथे जन्मभर राहणार नव्हता. त्याने तीन तरुण निवडले, एक झिराड घराण्यातला, एक राजपूरकर, एक शापूरकर. त्यांना प्रार्थना शिकवल्या, विधी शिकवले आणि सांगितलं, आता गावोगाव तुम्ही जा. लोक त्या तिघांना आणि त्यांच्या वंशजांना काजी म्हणू लागले. लग्न लावायचं, सुंता करायची, भांडण मिटवायचं, सगळं त्यांच्याकडे. त्या तिघांना तरी किती येत असणार? गुरूपाशी जेवढं मिळालं तेवढंच.

हे मी ठाण्याच्या बाईंना विचारलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. त्या कॉलेजात असताना दर रविवारी टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगमध्ये लहान मुलांना आलेफ-बेत, म्हणजे हिब्रूची मुळाक्षरं शिकवायच्या. शार हाशमाइम, स्वर्गाचं दार, असं त्या वास्तूचं नाव. १८७९ ची आहे. पगार नाही, मानधन नाही. "मला तरी कुठे येत होतं गं? शनिवारी दिवा लागल्यावर मी काकांकडून पुढचा धडा शिकून यायची आणि रविवारी सकाळी पोरांना शिकवायची. एक धडा पुढे, बस्स." शनिवारी दिवा लागल्यावर म्हणजे साबाथ संपल्यावर. तोवर त्या वहीला हात लावायच्या नाहीत, कारण लिहिणं हेही काम.

कोकणातून ही माणसं मुंबईला गेली ती मुख्यतः कंपनी सरकारच्या पलटणीत. सामाजी हसाजी दिवेकर हा त्यातला पुढे आलेला सैनिक. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. तू कोण, विचारल्यावर बेने इस्रायल म्हणून सांगितलं आणि टिपूच्या आईने मध्यस्थी करून त्याला सोडवलं, अशी परंपरा आहे. सुटून आल्यावर त्याने नवस फेडल्यासारखं १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधलं. ते मुंबईतलं पहिलं. सॅम्युअल स्ट्रीट हे रस्त्याचं नाव त्याच्यावरूनच आलं, आणि मशीद बंदर स्टेशनच्या नावातली ‘मशीद’ ही तीच वास्तू, असंही सांगतात. भिंती उभ्या राहिल्या. आत बसून वाचायचं काय आणि कुणी, हा प्रश्न होताच.

तो थोडाफार सोडवला मिशनऱ्यांनी, आणि इथे इतिहासाने गंमत केली आहे. जॉन विल्सन हा स्कॉटिश पाद्री, ज्याच्या नावाचं कॉलेज मुंबईत चौपाटीवर आहे, तो १८२९ मध्ये आला. त्याने १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहून छापलं. यहुदी मुलांना आपल्या धर्मात आणावं हा त्यामागचा उघड हेतू. मुलं शाळेत आली, व्याकरण शिकली, मराठीतला जुना करार वाचला, आणि आपण कोण हे नीट कळल्यावर आपल्या सिनेगॉगमध्ये परत गेली. धर्म बदलणारे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्या शिकलेल्या मुलांच्या पिढीतला हाईम सॅम्युअल केहिमकर. जन्म १८३०, अलिबागकडचा. १८५३ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांचा असताना, त्याने भाऊ आणि काही सोबती जमवून एक मंडळ काढलं. समाजातल्या मुलांना धर्माचं आणि व्यवहाराचं, दोन्ही शिक्षण द्यायचं, हा उद्देश. १८५३ म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली ते साल. मुंबई विद्यापीठ व्हायला अजून चार वर्षं होती. पण केहिमकरांची शाळा प्रत्यक्ष उभी राहिली ती १८७५ मध्ये. मध्ये बावीस वर्षं गेली! तेवीस वर्षांचा मुलगा पंचेचाळीस वर्षांचा प्रौढ झाला. इस्रायलाइट स्कूल हे तिचं नाव. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू एका छपराखाली. पुढे लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननेही मदत केली. ती शाळा आजही माझगावला चालू आहे, सर एली कदुरी यांच्या नावाने, आणि तिथे शिकणारी बहुतेक मुलं आता इतर समाजांतली आहेत.

केहिमकरांच्या नशिबी उशीरच होता म्हणायचा. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोवर ते जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. वर मी सांगितलेल्या माशांच्या आणि तीन काजींच्या गोष्टी आज आपल्यापर्यंत पोचल्या आहेत त्या बऱ्याच अंशी त्या पुस्तकामुळे.

त्यांच्याच बरोबरीचा दुसरा तरुण जोसेफ इझिकेल राजपूरकर. आडनाव लक्षात घ्या. काजींच्या तीन घराण्यांतलं एक राजपूरकरांचं. बावीसाव्या वर्षी, १८५६ मध्ये, तो डेव्हिड ससून यांच्या नावाच्या मुंबईतल्या शाळेत साहाय्यक शिक्षक झाला, पाच वर्षांत मुख्याध्यापक, आणि त्या खुर्चीवर चाळीस वर्षं राहिला. शाळा सुटल्यावरचं काम वेगळंच. त्याने हिब्रू आणि इंग्रजीतून वीसहून अधिक पुस्तकं मराठीत आणली, रोजच्या प्रार्थनाही. कोकणातल्या तेलिणीला आपण शेमा म्हणताना काय म्हणतो, हे समजलं ते अशा भाषांतरांमुळे. १८७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्याला हिब्रूचा परीक्षक नेमलं. चाळीस वर्षांपूर्वी परक्या पाद्र्याने व्याकरण लिहून दिलं होतं, आता त्या भाषेचे पेपर तपासणारा याच समाजातला माणूस होता.

पण पुस्तक वाचायला अक्षर यावं लागतं. ज्यांना येत नव्हतं त्यांचं काय? त्यासाठी या तरुणांनी जे केलं ते वाचून मी चकित झाले. १८८० च्या सुमारास त्यांनी कीर्तन उचललं. आपल्या राजवाड्यात रामजन्माच्या उत्सवाला होतं तेच कीर्तन, तीच साकी, तीच दिंडी. आख्यान मात्र अब्राहमाचं, योसेफाचं, एस्तेर राणीचं. बाईंच्या आजीने अशी कीर्तनं ऐकली होती. त्या सांगत, आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं तो प्रसंग ती अशी म्हणायची की आम्ही रडायला लागायचो. आता हे कीर्तनकार म्हणजे व्यवसायाने बुवा नव्हेत. दिवसा कचेरीत कारकुनी करणारी, कारखान्यात जाणारी माणसं.

बायका मागे नव्हत्या, आणि इथे गोष्ट पुन्हा आपल्या जिल्ह्यात येते. पुण्याच्या हुजूरपागेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन बेने इस्रायल मुली शिकत होत्या. एक रेबेका रूबेन. १९०५ च्या मॅट्रिकला ती मुंबई विद्यापीठात पहिली आली. मुलींत पहिली नव्हे, सगळ्यांत पहिली. दुसरी जेरुशा झिराड. झिराड, म्हणजे पुन्हा काजींचं घराणं. अकरा वर्षांची असताना तिची थोरली बहीण मुंबईच्या कामा हॉस्पिटलात मरणाच्या दारातून परत आली, आणि या मुलीने ठरवलं की डॉक्टर व्हायचं आणि याच हॉस्पिटलात यायचं. ती ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली, लंडनला जाऊन १९१९ मध्ये एम.डी. झाली आणि १९२८ ते १९४७ त्याच कामा हॉस्पिटलची प्रमुख होती. १९६६ मध्ये पद्मश्री. ही झाली मोठी नोंद. छोटी नोंद अशी, की १९१३ मध्ये, लंडनला जाण्याच्याही आधी, वयाच्या जेमतेम तेविसाव्या वर्षी तिने समाजातल्या बायकांचं स्त्री मंडळ सुरू करण्यात पुढाकार घेतला. आणि रेबेका रूबेन १९२२ मध्ये केहिमकरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९५० पर्यंत. अठ्ठावीस वर्षं! त्यांना दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली नसती असं नाही.

मी बाईंना एकदा विचारलं होतं, तुमच्या धर्मात सेवेला काय म्हणतात? त्या गणिताच्या, त्यामुळे उत्तर व्याख्येसारखं आलं. दानाला त्झेदाका म्हणतात, पण त्या शब्दाचं मूळ न्याय या अर्थाचं. शेत कापताना कडेचे कोपरे कापायचे नाहीत, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचं नाही. ते गरिबाचं. मी म्हटलं, आमच्याकडेही सुगीला खळ्यावर आलेल्याला सूपभर भात देतात. त्या म्हणाल्या, "ते तुम्ही देता. इथे देण्याचा प्रश्नच नाही, ते त्याचंच आहे." मला उत्तर सुचलं नाही. बलुतेदाराचं बलुतं आपल्याकडेही हक्काचं होतं, पण दारात आलेल्या भुकेल्याचा हक्क आपण मानला होता का, याचा विचार मी त्या दिवशी ठाणे स्टेशनपर्यंत करत गेले.

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये रांबाम, म्हणजे मायमोनिडीस, नावाचे पंडित होते. पेशाने वैद्य. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावून दिल्या. सगळ्यांत खालची, कुरकुरत देणं. वरच्या पायऱ्यांवर देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. सर्वांत वर, समोरच्याला पुन्हा मागायची पाळीच येऊ नये अशी मदत: काम, भागीदारी, हुन्नर. दुसरी गोष्ट त्याहून जुनी. सुमारे १९०० वर्षांपूर्वी लोद गावातल्या एका माडीवर पंडित जमले आणि वाद घातला, अभ्यास मोठा की कृती? एकाने म्हटलं कृती, दुसऱ्याने म्हटलं अभ्यास. शेवटी सर्वांनी कौल दिला अभ्यासाला, आणि कारण दिलं की अभ्यास माणसाला कृतीपर्यंत नेतो. आपले सर या निकालावर खूश होतील. मी शिक्षिका असूनही मला तो थोडा चलाख वाटतो.

१९४८ नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत भारतभरच्या ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत आली. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. ओस पडलेल्या गावांत अजून मोठी आषाढी एकादशी नसली तरी मलिद्याची ताटं होतात, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं, एलियाहू पैगंबराच्या नावाने. बाईही निवृत्त झाल्यावर मुलीकडे तिकडे गेल्या.

मग ही गोष्ट संपली का? माझ्या रोजच्या लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या कळव्यात ती वेगळ्याच रूपात सुरू होती, आणि मला पत्ता नव्हता. इस्रायलमध्ये राहणारे जेकब स्टोकमन नावाचे गृहस्थ मुंबईला आले असताना त्यांनी कळव्याची झोपडवस्ती पाहिली आणि २०१२ मध्ये गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई सुरू केला. जगभरातले विशी-पंचविशीतले ज्यू तरुण काही आठवडे, काही महिने यायचे. वस्तीतल्या वर्गांत इंग्रजी, गणित शिकवायचे, आणि स्वतः त्झेदाकाचे तेच जुने उतारे अभ्यासायचे. वर्गाला येणाऱ्या मुलाला गरम जेवण. मूल कामाला न जाता वर्गात बसावं म्हणून.

मला यातला एक भाग खटकतो. परदेशातून विमानाने यायचं, सहा आठवडे शिकवायचं, फोटो काढायचे आणि जायचं, याने वस्तीतल्या मुलाचं काय होतं? पण तिथे जेवण कोण शिजवतं हे वाचलं तेव्हा माझं मत थोडं बदललं. वस्तीतल्याच बायकांनी मिळून स्वयंपाकघर चालवलं. ‘मसाला मामाज’ या नावाने त्यांच्या पाककृतींचं पुस्तकही २०१८ मध्ये निघालं. तरुण येतात नि जातात, चूल पेटवणारी माणसं तिथलीच, आणि त्यांना त्याची मजुरी मिळते. रांबामची वरची पायरी.

आणि सहा आठवड्यांना नावं ठेवणारी मी कोण? आता ती वही.

१९८७ च्या मे महिन्यात १९८३ च्या आपल्या तुकडीतले सात जण तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत जात होतो. भोरहून कापूरहोळ, चेलाडी फाटा, नसरापूर करत वेल्ह्याची एसटी, पुढे चालत. वाडीत शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिकायचं तर वेल्ह्यापर्यंत पायपीट, आणि मुली चौथीनंतर घरीच. आपण देवळाच्या पडवीत वर्ग घेतला. हजेरीची वही माझ्याकडे होती. तेवीस नावं. सहा आठवडे झाले, पाऊस आला, आवण्या सुरू झाल्या, वर्ग बंद. दुसऱ्या वर्षी आपण तिघंच गेलो. तिसऱ्या वर्षी कुणीच नाही. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं. माझं बी.एड. होतं. कारणं सगळी खरी होती.

निवृत्त होऊन मी भोरला परत आले आणि माळ्यावरच्या ट्रंकेत ती वही सापडली. गेल्या मेमध्ये मी वाडीत जाऊन आले. रस्ता झालाय, वीज आहे, प्रत्येक घरात मोबाइल. वहीतल्या नवव्या नावाची मुलगी भेटली. आता तिची मुलगी नववीत आहे. चहा दिला, चौकशी केली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सातवीचं पुस्तक आणणार होता." हसत म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

तिथल्या गुरुजींना मी विचारलं, काय हवं? ते म्हणाले, दप्तरं नकोत. गड बघायला येणारे लोक दप्तरं पुष्कळ वाटतात, एकेका मुलाकडे तीन-तीन झाली आहेत. आठवी ते दहावीच्या मुलांना रविवारी कुणी गणित आणि इंग्रजीला बसवेल तर बघा. पण दर रविवारी.

घरी येऊन बाईंना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, दहावीचं गणित आता मला झेपेल का हो? पलीकडून तेच हसू आलं. "इतिहासवाली ना तू? मग शनिवारी रात्री एक धडा करून जा."

आपल्या ग्रुपवर मेळाव्याच्या शिल्लक निधीवरून जे चाललंय ते सर्वांनी वाचलं आहे. शाळेला कमान बांधावी आणि तिच्यावर देणगीदारांची नावं कोरावीत, असा एक प्रस्ताव आहे. मी त्याच्या आड येणार नाही. शाळेवर प्रेम आहे म्हणूनच तो आला आहे. फक्त रांबामच्या शिडीवर ती कमान कितव्या पायरीला लागते, हे मतदानाआधी ज्याने त्याने बघावं. माझा प्रस्ताव स्वस्त आहे. एका रविवारी दोघं. चौदा जण मिळाले तर प्रत्येकाची पाळी सात आठवड्यांनी येते. एसटीचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. निधीतून फक्त पुस्तकं आणि खडू. आजवर पाच नावं आली आहेत. त्यात आपले विज्ञानाचे सर आहेत, वय ७८, आणि पाळी चुकवणार नाही असं त्यांनी लेखी दिलं आहे.

मेळाव्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाळी माझी आणि सरांची. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला गाठा, मी वही घेऊन बसलेली असेन. जुनी तेवीस नावं पहिल्या पानावर तशीच आहेत. नवी पुढच्या पानापासून लिहायची आहेत.